सायो पट्टा बांधते

ते नवं यंत्र इस्पितळात यावं म्हणून सगळ्यात जास्त धडपड कुणी केली असेल, तर ती सायो कुरेमात्सुने. जपानातल्या तोयामाकडच्या एका लहान इस्पितळात ती फिजिओथेरपिस्ट होती. मोडलेल्या हाडांच्या म्हाताऱ्यांना पुन्हा चालतं करायचं, हे तिचं काम. यंत्राचा पट्टा रुग्णाच्या कमरेला बांधायचा. दिवसभराची चाल तो टिपतो, आणि हजारो जणांच्या चालीवरून शिकलेलं यंत्र सांगतं, हा माणूस घरी एकटा राहू शकेल की नाही. जेवताना सायो त्याचेच आलेख बघत बसे. सोबतिणी म्हणत, हिचं लग्न लागलंय पट्ट्याशी. ती म्हणे, निदान खोटं तरी बोलत नाही.

मग खुबा मोडून किनुए त्सुबोउची आल्या. गावातलं सार्वजनिक न्हाणीघर त्यांनी एकटीने आयुष्यभर चालवलं होतं. सध्या बंब थंड पडला होता, आणि त्या परतल्या नाहीत तर तो पुन्हा पेटणार नव्हता. व्यायामाच्या खोलीत त्या पायऱ्या झकास चढायच्या. पण यंत्र म्हणालं, तोल वारंवार जातो, घर धोक्याचं, वृद्धाश्रम बरा. डॉक्टर इगाराशींनी निर्णयाची बैठक ठरवली.

सायोला चैन पडेना. बैठकीच्या आदल्या दिवशी तिने सरळ पट्टा स्वतःच्याच कमरेला बांधला आणि नेहमीसारखी कामाला लागली. संध्याकाळी उत्तर वाचून ती खुर्चीतून उठलीच. सुट्टीत डोंगर चढणारी ही धडधाकट पोरगी. यंत्राच्या मते तिचा तोल वारंवार जात होता आणि तिने एकटीने राहू नये.

हसू आवरत ती कॉरिडॉरमध्ये आली. समोरून सफाईवाल्या मावशी येत होत्या. सायो थांबली, तिथल्या रीतीप्रमाणे नमस्काराला कमरेतून वाकली. मावशीही वाकल्या. आणि सायोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मधेच थांबणं, कमरेतून पुढे झुकणं, यालाच ते तोल जाणं समजत होतं! ते शिकलं होतं प्रयोगशाळेतल्या रिकाम्या वाटेवर, जिथे चालणाऱ्याला समोरून कुणी भेटतच नाही. आणि किनुएसानचा, म्हणजे किनुएबाईंचा, तर जन्म गिऱ्हाइकांना वाकण्यात गेलेला. कॉरिडॉरमधला एकही माणूस त्या सोडत नसत.

हे ऐकून एक सोबतीण म्हणाली, "सोपंय की. त्यांना सांग, उद्या कुणाला वाकू नका. आकडा आपोआप सुधारेल."

क्षणभर सायोलाही ते पटलं. पण मग पुढच्या रुग्णाला काय सांगायचं? आणि चालीवरून आपलं घर ठरतंय, हे किनुएसानना तरी कुणी सांगितलं होतं? ती तडक त्यांच्या खाटेशी गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी रीतीने वागले, म्हणून मला आश्रमात धाडणार होता होय?" मग म्हणाल्या, उद्याच्या बैठकीला मीही बसणार.

बैठकीत डॉक्टरांनी सायोचे आलेख नीट पाहिले. चूक त्यांना पटली. तरी ते म्हणाले, "यंत्राला बाजूला सारलं आणि त्या पडल्या, तर जबाबदारी कुणाची?"

सायो लगेच म्हणाली, "आपली, डॉक्टर. आश्रमात पाठवलं असतं तरी सही आपलीच असती."

"आणि पाय माझा," किनुएसान म्हणाल्या. "घरी पडले तर निदान माझ्या जमिनीवर पडेन."

डॉक्टर हसले. घरी जायचं ठरलं. सुरुवातीला सायोने रोज तिथे जाऊन बघायचं. मग कागद आवरता आवरता ते थबकले आणि विचारलं, हे यंत्र आल्यापासून त्याचं ऐकून आपण आणखी कुणाकुणाला पाठवलं?

सायोला पहिलं नाव आठवलं. सायकली दुरुस्त करणारे ताकेनोशिता. त्यांना आश्रमाच्या गाडीत तिनेच बसवलं होतं, यंत्रावर भरवसा ठेवून. ती तशीच उठली आणि आश्रमाला फोन लावला. ताकेनोशिता फोनवर आल्यावर ती एका दमात म्हणाली, तुमच्याबाबत आमचं चुकलं असेल, मला तुमची चाल पुन्हा बघायचीय, या वेळी स्वतःच्या डोळ्यांनी.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आत्ता येताय?" म्हातारा म्हणाला. "मग बूट घालून बसतो."