शोकसभेत सरांचा फोटो परत परत येत राहिला

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

आज कळमनुरीत आमच्या विज्ञानाच्या सरांची शोकसभा होती. त्यांच्याच लॅपटॉपवरून मी प्रोजेक्टरवर फोटो दाखवत होतो. सरांचा हसरा फोटो पुढे सरकवला की आपोआप परत यायचा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या अंगावर काटा आला.

मग पुढच्या रांगेत काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दिसल्या. सरांचा मोबाईल मांडीवर घेऊन त्या बटणांवरून अंगठा फिरवत होत्या. वर्गात सर त्याच मोबाईलच्या बटणांनी लॅपटॉपवरचे फोटो मागेपुढे करायचे. ब्लूटूथ अजून लॅपटॉपला जोडलेलं होतं, काकूंचा अंगठा बटणावर पडला की सरांचा फोटो परत यायचा.

काकू मला म्हणाल्या, "बघ बाळा, ते जाऊनच न्हाई राहिले. उद्या घरी लावतो का हे असंच पडद्यावर?"

मी "व्हय" म्हणून आलो.

उद्या जायचंय. त्यांना खरं सांगू का? तुमी सांगितलं असतं?