टाकी खाली

माझ्या घरी एक जुनी विलायती गाडी आहे. दोनच माणसांची, छत नसलेली, बसलं की जमिनीला टेकल्यासारखं वाटतं. माझा नवरा फॅक्टरीत फिटर होता. बदली झालेल्या एका फौजी साहेबाकडून त्याने ती घेतली, तेव्हा आमच्या घरात पलंगही नव्हता. नवरा गेला, गाडी राहिली.

मुलगी सासर सोडून आली आणि तिने ही गाडी वरातींना भाड्याने द्यायचं ठरवलं. नवरदेव घोडीऐवजी गाडीत, चालवणार ही स्वतः. पहिल्याच वरातीत बँडच्या मागे मुंगीच्या चालीने जाताना गाडी बडा फुहाऱ्याच्या चौकात बंद पडली. नवरदेवाने एका हाताने फेटा धरून धक्का मारला. त्याचा व्हिडिओ अर्ध्या जबलपूरने पाहिला. उरलेल्या अर्ध्यातल्या, गढा भागातल्या एका घराने पुढच्या लग्नाला गाडी सांगितली.

"आई, या वेळी बंद पडली तर विकून टाकते," मुलगी म्हणाली. "मग रायपूरला दादाकडे जाऊन राहीन."

दादाच्या बायकोच्या घरात ती काय म्हणून राहणार होती, हे मला माहीत होतं. तिलाही होतं.

दोष पंपाचा होता. जुना पंप विजेचाच, पण इंजिनाजवळ बसून मागच्या टाकीतून पेट्रोल ओढायचा. गाडी हळू चालली की सगळं तापायचं, नळीत पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफेवर काही गाडी चालत नाही. त्यात आता पेट्रोलात उसाची दारू मिसळतात; त्या दारूने पंपातलं रबर फुगलं होतं. मुलीने नवा पंप मागवला. जोर बेताचा, कारण जास्त जोराने कार्बोरेटर भरून वाहतो. हा पंप ओढत नाही, ढकलतो. म्हणून तो मागे, टाकीच्या खाली बसवावा लागतो.

मेकॅनिक महाराजपूर भागातल्या आमच्या अंगणात आला तेव्हा मुलगी रबरी नळी आणायला गेली होती. तिने फोन केला, "भैयाला सांग, पंप टाकीच्या खाली लावायचा. मी येतेच."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले, "भैया, टाकी खाली. समझे? टाकी खाली."

"जी, अम्माजी."

मी वरणाला फोडणी टाकायला वळले. थोड्या वेळाने पेट्रोलचा वास आला. आधी गॅस बंद केला, मग बाहेर गेले. दोन बादल्या भरल्या होत्या आणि तिसरी, माझी आंघोळीची, भरत होती.

"काहून सांडून राहिला? क्या कर रहे हो?"

"टंकी खाली कर रहा हूँ. आपने ही तो बोला."

"मैंने बोला पंप खाली."

"पंप तो खाली ही है, अम्माजी. अभी डिब्बे से निकला है."

"खाली मतलब नीचे."

"नीचे मतलब नीचे. खाली मतलब खाली."

हिंदीत खाली म्हणजे रिकामं. जन्म या गावात गेला, तरी घरात बोलायचा शब्द अंगणात टाकला आणि तो तिथे दुसराच निघाला.

मुलगी आली, बादल्या पाहिल्या आणि पायरीवर बसली. "परवा वरात आहे, आई."

मग ती उठून एका बादलीवर वाकली. तळाला चहाच्या चोथ्यासारखा लाल गंज बसला होता. तिने बोट बुडवून तो अंगठ्याशी चोळला.

"हे सगळं नव्या पंपात गेलं असतं," ती म्हणाली.

मेकॅनिकनेही पाहिलं. "घंटे भर में जाम, दीदी."

मी त्याला चहा दिला.

टाकी उतरवली. आत मूठभर बारीक खडी आणि थोडं डिझेल घालून दोघांनी ती दोन बाजूंनी धरून पाखडल्यासारखी हलवली. मी जुनी चाळणी आणली. ती परत पिठाला वापरली नाही. खडी स्वच्छ निघेपर्यंत हेच चाललं. मग टाकी उन्हात वाळवली. दुसऱ्या दिवशी पंप बसला, टाकीच्या खाली, आणि त्याच्या आधी गाळणी.

मुलीने किल्ली फिरवली. जुना पंप टकटक करायचा. हा गप्पच.

"चालू कुठे झाला?" मी म्हटलं.

"हात लाव."

लावला. पंप थरथरत होता.

भर दुपारी तिने मला शेजारी बसवून गाडी मुद्दाम बडा फुहाऱ्याच्या गर्दीत घातली. पुढे हातठेला, मागे ई-रिक्षा, हलायला जागा नाही. उन्हाने माझं डोकं तापलं. इंजिनाच्या तापमानाचा काटा चढला आणि एका जागी थांबला. एका कापडवाल्याने दुकानातून विचारलं, "दीदी, धक्का दूँ क्या?"

"आज नहीं, भैया."

इंजिन चालत राहिलं.

वरातीला मी गेले नाही. मुलगी आली ती तोंड पाडून.

"बंद पडली?"

"नाही पडली."

"मग तोंड काहून असं?"

"नवरदेव पूर्ण रस्ता कुरकुर करून राहिला होता. त्याला घोडी पाहिजे होती म्हणे." तिने चपला काढल्या. "पण बँडवाल्याने माझा नंबर घेतला. पुढच्या हंगामात सोबत काम करू म्हणाला."

"मग आधी सीट नीट कर. स्प्रिंग टोचते."

ती माप घ्यायला टेप शोधू लागली.