न धुतलेली शाल

नाट्यगृहाच्या कपडेपटात सगळे त्यांना तोंडावर मामा म्हणत आणि पाठीमागे नाकोजीराव. आदर दोन्हीत होता. दुसऱ्यात जरा जास्तच. रंगमंचावरचे राजे, सेनापती आणि गर्भश्रीमंत विधवा प्रेक्षकांना दुरून दिसत. नाकोजीरावांना ते काखेतून कळत. प्रयोग संपला की प्रत्येक झगा उलटा करून ते शिवणीला नाक लावत आणि कोण कांदा खाऊन आला होता, कोणाचं पाठांतर कच्चं होतं, हे न चुकता सांगत. राजाचा घाम शिपायाच्या घामापेक्षा उग्र असतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. पण ते राजकारणात पडत नसत.

रेशीम आणि मखमल दर प्रयोगानंतर धुतली तर हंगाम संपायच्या आत पोतेरं होतं. तेव्हा कपडे न धुता ताजे ठेवणं हेच त्यांचं काम. साध्या बिनरंगी दारूत पाणी घालायचं, त्याचा फवारा काखेवर मारायचा, आणि झगा उलटा करून सावलीत, वाऱ्यावर टांगायचा. दारू उडून जाते आणि जाताना वासाला सोबत नेते. ही दारू कपडे पितात, यावर नाट्यगृहाच्या एकाही व्यवस्थापकाचा विश्वास बसला नाही. बायकोचा बसला होता, पण तिची तक्रार वेगळी होती. ‘‘लोकांचे नवरे पितात आणि वास लपवतात,’’ ती म्हणायची. ‘‘आमचे हे न पिताच वास घेऊन येतात. बदनामी पुरेपूर, मजा शून्य.’’

गेल्या हिवाळ्यात ती वारली. शेवटच्या दुखण्यात ती एक मऊ लोकरी शाल पांघरून खिडकीशी बसायची. नाकोजीरावांनी ती शाल धुतली नाही, झटकली नाही, वाऱ्याला दाखवली नाही. घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि झाकण दाबून लावलं. शालीला तिच्या केसांच्या तेलाचा वास होता, छातीला चोळायच्या मलमाचा होता, आणि त्या दोन्हींच्या खाली ती स्वतः होती. डबा उघडला की थोडी ती उडून जाणार, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? म्हणून ते फारच जीव कासावीस झाला तरच झाकण काढत, आणि तेव्हाही श्वास हात राखून घेत.

मग लेक चार दिवस राहायला आली. तीही दुसऱ्या गावातल्या एका नाट्यगृहात हेच काम करते. बापाच्याच हाताखाली शिकलेली. सुईदोरा शोधताना तिच्या हाती तो डबा लागला. उघडून बघते तर आईची शाल. अंगावर वापरलेली लोकर, बंद डब्यात. बापाचा पहिला नियम हाच की वापरलेली लोकर कोंडायची नाही. कुबट होते, कसर लागते. या नियमापायी लहानपणी तिचा कान लाल झाला होता. बाबांचं आता वय झालं, तिला वाटलं, विसरायला लागले. बोलून दाखवावं तर त्यांच्या मनाला लागेल. म्हणून ते कामावर गेल्यावर तिने गुपचूप चूक निस्तरली.

नाकोजीराव दुपारी घरी आले. शाल गॅलरीत होती. वाफ दिलेली, फवारलेली, ताण पडू नये म्हणून दोन दोऱ्यांवर पसरलेली.

‘‘तू केलंस?’’

‘‘नाहीतर काय शेजारणीने? बाबा, डब्यात कोंडलीत होय तुम्ही? मी असं केलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंत.’’

‘‘घेतलं असतं.’’

‘‘विसरलात ना?’’

नाकोजीरावांनी तिच्याकडे पाहिलं. कपडेपटातली एक टाचणीसुद्धा ते कधी विसरले नव्हते.

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘विसरलोच.’’

मग त्यांनी शाल हातात घेतली आणि तपासायला सुरुवात केली. मानेवर येते ती कड, गोंड्यांची मुळं, घडीची रेघ. शिकाऊ माणूस जिथे हमखास चुकतो, त्या सगळ्या जागांवरून त्यांनी नाक फिरवलं. जन्मभर दुसऱ्याच्या कामात खोट निघाली की त्यांचं डोकं फिरायचं. आज एक खोट मिळावी म्हणून ते कडेकडेने शोधत होते. पण पोरीला त्यांनीच शिकवलं होतं.

‘‘राहिलंय का कुठे?’’ तिने विचारलं.

‘‘नाही. कुठेच राहिलेलं नाही.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘हात चांगला बसलाय तुझा.’’

ही शाबासकी मिळवायला तिला फार वर्षं लागली होती. तिने शाल खांद्यावर घेतली, ‘‘बघा, कशी नव्यासारखी झाली,’’ म्हणाली, आणि खुशीत चहा टाकायला आत गेली.

नाकोजीरावांनी डबा उचलला. झाकण काढून आत नाक घातलं. पोरीने डबाही पुसला होता. आत पत्र्याचा वास येत होता.