आमराईच्या दोन टोकांना

रविवारी नागपूरची माणसं आमच्या वाटेवर फिरायला येतात. येऊ देत, नदी काही मी माहेराहून आणलेली नाही. पण ज्या वाटेवर ती टोप्या घालून "वा, काय शांतता" म्हणत चालतात, त्याच वाटेवर माझ्या सासूबाईंना पाऊल टाकायची बंदी आहे. हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वाट गोल आहे. आमच्या गावच्या शेवटच्या घरापासून महादेवाच्या जुन्या देवळापर्यंत, मग बावनथडीच्या उंच काठानं आमराईतून पलीकडच्या गावात. तिथल्या पडक्या गढीला वळसा घालून तलावाच्या पारीवर, त्याच्या मातीच्या बांधावर, चढायचं आणि धानाच्या बांध्यांमधून घरी. चढ-उतार फारसा नाही, म्हाताऱ्या पायांना झेपेल अशी. त्या पलीकडच्या गावात सासूबाईंची धाकटी बहीण दिली आहे. दोघींनीही ऐंशी ओलांडलेली.

रोज सकाळी दोघी आपापल्या घरून निघायच्या आणि आमराईत भेटायच्या. घटकाभर बसून झालं की मागे न फिरता पुढे जायच्या. सासूबाई बहिणीच्या घरी, मावशी आमच्या घरी. आपल्या माघारी आपल्या घरात काय चालतं हे आपल्याला कधी कळत नाही, ते बहिणीनं पाहून यायचं! परतताना पारीवर पुन्हा गाठ पडायची आणि तिथं एकमेकींच्या घरची खबर सांगितली जायची. पावसाळ्यात रोवणी झाली की बांध्यांमधले चालायचे धुरे निसरडे होतात, तेव्हा जाणं-येणं दोन्ही नदीकाठानं.

मावशी आली की आधी भांड्यांवरची झाकणं उचलायची. "भाजीत एवढं पानी कायले टाकलं वं?" मी मनातल्या मनात दात-ओठ खायची. पण मग चहा पिताना तीच हळूच सांगायची, "तुही सासू रातभर गुडघा धरून बसते. तुले सांगत नाई." मीही सासूबाईंना तोंडावर म्हणता येणार नाही ते मावशीच्या कानात घालायची, आणि दुपारच्या जेवणापर्यंत ते बरोबर पोचलेलं असायचं. इतक्या वर्षांत आमच्या घरात आवाज चढला नाही, तो काही माझ्या गोड स्वभावामुळे नाही.

यंदा आखाडात आमराई विकली गेली. घेणाऱ्यानं झाडांबरोबर वाटही घेतली. दोन्ही टोकांना पार नदीच्या पाण्यात खांब गाडून जाळी, दोन्ही टोकांना फाटक, आत पाहुण्यांसाठी गवती छपराच्या खोल्या. बैलगाड्या गेल्या, वराती गेल्या, पिढ्यान् पिढ्या जी वाट सगळ्यांची होती ती एका पावसाळ्यात एकाची झाली, आणि गावात कुणी हूं की चूं केलं नाही. मी सरपंचांकडे गेले. ते म्हणाले, "धान कापला का पारीनं जातीन त्या. चार महिन्यांचा तं प्रश्न आहे, वहिनी." ऐंशी ओलांडलेल्या बाईला हा माणूस चार महिने थांब म्हणतो! शेजारणी हसून म्हणाल्या, "तुही तं सुटका झाली, बाई." त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

डांबरी रस्त्यानं जावं तर रेतीचे टिप्पर अंगावर येतात. मोटरसायकलवर सासूबाईंना बसवत नाही. मावशीला फोनवर ऐकू येत नाही, आणि तिची सून "बऱ्या आहेत" याच्या पुढे काही सांगत नाही. फोनवर सगळेच बरे असतात.

शेवटी एके सकाळी सासूबाईंना घेऊन मीच फाटकाशी गेले. आतून व्यवस्थापक आला. तरणा, इस्त्रीच्या कपड्यातला. त्याला वाटलं आपण फार समजूतदार बोलतो आहोत. "आजी, महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते ना? तसंच समजा. देवळापर्यंत या, दर्शन घ्या आणि परत फिरा."

"महादेवाचं पानी ओलांडाचं नसते म्हनून आमी परत फिरतो, बापू," सासूबाई म्हणाल्या. "तुह्या मालकाचे खांब तं पान्यातच गाडले आहेत. त्याले सांग ना परत फिराले."

त्यानं फाटकाची कडी पुन्हा एकदा हलवून पाहिली आणि निघून गेला.

त्या दिवसापासून सासूबाई रोज सकाळी जाळीपाशी जाऊन बसतात. मी किती सांगितलं, ओल लागेल, गुडघा धरेल. ऐकत नाहीत. आमराई दाट आहे, पलीकडचं टोक काही दिसत नाही. "तिनं येनं सोडलं असन," एवढंच एकदा म्हणाल्या.

गेल्या रविवारी त्यांना आणायला गेले, तर आतून पाहुण्यांचा घोळका चालत आला. त्यांतला एक पोरगा थबकला. "अरे, तिकडच्या फाटकाशीही अश्शीच एक आजी बसली होती! थांबा, दाखवतो." त्यानं जाळीतून फोन बाहेर दिला.

सासूबाईंनी फोन हात लांब करून धरला. मांडीवर छत्री घेतलेली मावशी जाळीतून आमराईकडे पाहत होती.

"वाळली वं," सासूबाई मला म्हणाल्या. "अन् पायात चप्पल नाई." मग त्या पोराला म्हणाल्या, "बापू, वापस जाशीन तं तिले एवढं सांगजो. मी बी रोज येतो म्हना. मी आलीच नाई असं समजू नोको म्हना."

"आम्ही परत नाही जाणार, आजी," तो म्हणाला. "आमचं चालून झालं. गाडी इकडेच बोलावलीय."

त्यानं जाळीतून हात घालून फोन परत घेतला. फाटक त्यांच्यासाठी उघडलं आणि ते बाहेर पडल्यावर पुन्हा लागलं. सासूबाईंचा हात अजून फोन धरल्यासारखा पुढेच होता.