एकाचे दोन दिसत होते तेव्हा

कर्णिक मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, गौरवग्रंथासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा पहिला विचार आला, दिवसभर लोकांचे डोळे तपासून लिहायचं कधी? हे वाचून मॅडम रागावणार नाहीत. खोटं लिहिलं तर मात्र रागावतील.

अठरा वर्षांपूर्वी इथे आखातात, करामा भागातल्या चष्म्याच्या दुकानात नोकरी मागायला गेलो, तेव्हा तपासणीच्या खोलीत त्या बसल्या होत्या. "चष्मे विकायला आलात की डोळे तपासायला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दोन्ही." "दोन्ही करायला गेलात तर दमाल," त्या म्हणाल्या. दमलो. रोज शारजातल्या अल नहदाहून गाडी हाकत यायचं, आणि दुकानाचं टार्गेट काही पाठ सोडत नाही. मॅडमनी मात्र फक्त डोळेच तपासले. त्यातही ज्या मोठ्या माणसांना एकाचे दोन दिसू लागतात, त्यांना डॉक्टर मंडळी लांबलांबून त्यांच्याकडे पाठवतात.

अशांना प्रिझमचा चष्मा लागतो. दोन डोळ्यांची दोन चित्रं ती काच सरकवून एकावर एक आणते. रास अल खोरच्या एका गोदामातल्या स्टोअरकीपरना तो घातल्यावर भिंतीवरचं घड्याळ एकच दिसलं. "खलास मॅडम? ठीक हो गया?" त्यांनी विचारलं. मी असतो तर 'इन्शाल्ला' म्हणून बिल फाडलं असतं. मॅडम म्हणाल्या, "ठीक नहीं हुआ, भाई. चष्मा उतारोगे तो फिर दो दिखेंगे." बिचाऱ्याचा चेहरा पडला. मला वाटलं, काय गरज होती? पण ते गृहस्थ दर वर्षी मॅडमकडेच येतात.

आता स्वतःचं सांगतो. मॅडमनी आजवर हे कुणाला कळू दिलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी संध्याकाळी मलाच एकाचे दोन दिसू लागले. पुढच्या गाडीच्या टपावर दुसरी गाडी ठेवल्यासारखी दिसे. मी एक डोळा मिटून चालवायचो. नोकरी जाईल या भीतीनं घरीही बोललो नाही. चोराच्या मनात चांदणं, तसा मॅडमची नजरही चुकवायचो. क्लासहून आणताना शेजारी बसलेल्या लेकीनं एकदा विचारलं, "बाबा, व्हाय इज युअर आय क्लोज्ड?" "कचरा गेलाय," मी म्हटलं.

शेवटी मॅडमनी माझी तिरकी मान हेरली. "कधीपासून?"

"सात महिने."

"आणि पोरगी शेजारी बसते?"

त्यांनी हात पुढे केला, मी गाडीची किल्ली दिली. लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

आधी त्यांनी मला हॉस्पिटलात पाठवून मेंदूची तपासणी करून घेतली. तिथे काही निघालं नाही, तेव्हा माझे जुने फोटो मागवले. लग्नात, कॉलेजात, शाळेत, सगळीकडे मान डावीकडेच. "जन्माचं आहे रे," त्या म्हणाल्या. "मान तिरकी करून डोळ्यानं इतकी वर्षं ओढून नेलं, आता दमलाय." माझ्या चष्म्यावर त्यांनी प्रिझमची पातळ फिल्म चिकटवली, ती दोनदा बदलली, आणि नंबर पक्का व्हायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे, करामात दुकानापासून चार पावलांवर राहणाऱ्या मॅडम रोज संध्याकाळी आपल्या गाडीतून मला अल नहदाला सोडत आणि त्या ट्रॅफिकमधून एकट्या परत जात. मी बसनं जातो म्हटलं तर म्हणत, "गप बस."

चष्मा आला त्या दिवशी वाटलं, किल्ली देतील आणि सुटतील. त्यांनी किल्ली दिली, आणि माझ्या गाडीत लेक बसते त्या सीटवर जाऊन बसल्या. "यल्ला, चल."

"मॅडम, तुम्ही कशाला?"

पट्टा लावत त्या म्हणाल्या, "तिला बसवायच्या आधी मी बसून बघते."

लेकीला हे अजून सांगितलेलं नाही. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून ग्रंथ हाती आला की मीच वाचून दाखवणार आहे. मग तीही तुमच्यासाठी तेच मागेल, जे मी आज मागतो. मॅडम, भरपूर जगा, धडधाकट राहा.