किती सर

आमच्या संख्याशास्त्राच्या सरांसमोर कुणी ‘नाही’ म्हटलं की ते लगेच विचारत, “किती बघितलंस?” बाजारात आज सुरमई नाही म्हटलं, तर “किती टोपल्या बघितल्यास?” कॉलेजभर त्यांना ‘किती सर’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडतही असावं.

मी इंग्रजी शाळेतली. मराठी बोलताना लाजायचे आणि इंग्रजी बोलतानाही. म्हणून शेवटच्या बाकावर बसून नुसती बघायचे.

एकदा आमचे शिपाई काका वर्गात म्हणाले, “डोळे बांधा नि फोड तोंडात द्या. रत्नागिरीचा हापूस की बाहेरचा, सांगतो.” सरांनी दुसऱ्याच दिवशी परीक्षा घेतली. तीन फोडींपैकी एक चुकली.

“काका, जीभ बाहेरची झाली तुमची,” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

सर हसले नाहीत. “तिन्ही बरोबर आल्या असत्या तरी मी मानलं नसतं. नुसत्या अंदाजानंही आठात एकदा तसं होतं. आणि एक चुकली म्हणून काकांना ओळखता येत नाही, हेही मानत नाही. जाणकारही एखादी फोड चुकतो. चाचणीची पॉवर म्हणजे काय? खरंच असलेला गुण तिला दिसण्याची शक्यता. तीन फोडींत ती कुठून येणार? पेटी आणा.”

पेटी अर्थात कुणी आणली नाही. काका मात्र दिवसभर खुशीत होते.

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मला दोन प्रश्न विचारले. उत्तरं येत होती, आवाज फुटेना. नापास झाले असते तर घरी शिक्षण पुरे म्हणून स्थळं बघायला लागले असते.

“हिला काही येत नाही,” परीक्षक म्हणाले.

“दोनच प्रश्न झालेत,” सर म्हणाले. “आणखी विचारा. चहा सांगितलाय.”

“विद्यार्थिनीची बाजू घेताय.”

“छे हो. सगळे चुकले तर नापास करा, पहिली सही माझी.”

पुढचाही प्रश्न तसाच गेला. सर खिडकीबाहेर बघत बसले. त्यानंतरच्या प्रश्नाला मी उठले, खडू घेतला, आणि फळ्यावर लिहिता लिहिता बोलू लागले. मग परीक्षकच विचारत राहिले.

यंदा सर निवृत्त होऊन मंडणगडला आपल्या गावी गेले. एसटी स्टँडवर मी त्यांची पिशवी धरून उभी होते. आभार मानायचे ठरवून आले होते. गाडी लागली तरी शब्द निघेना. त्यांनी माझ्या हातून पिशवी घेतली, खिडकीशी बसले आणि बाहेर वाकून म्हणाले, “जा गो आता घरी. तू बोलली नाहीस म्हणून मनात काही नाही, असं मी धरत नाही.”