नोंगचे सात अर्थ

सांगलीतल्या हळद पावडरच्या एका कारखान्यात मी व्यवस्थापक आहे. मालकांनी चिनी पॅकिंग मशीन घेतलं, तेव्हा मी मोबाइलवर चिनी शिकायला लागले. तिकडचा तंत्रज्ञ व्हिडिओ कॉलवर सारखं एकच क्रियापद वापरायचा: नोंग. स्क्रू नीट करणं नोंग, जेवण बनवणं नोंग, कुठून तरी सुटा भाग मिळवणं नोंग, आणि मोडून ठेवणं तेही नोंग. मी वहीत अर्थ लिहीत गेले. सात झाले, तरी एकदाही बोलताना वापरलं नव्हतं. नेमका अर्थ ठरल्याशिवाय मला शब्द वापरवत नाही.

दसऱ्यानंतर मशीन पाकिटं भलतीकडेच कापू लागलं. नाव अर्धं या पाकिटावर, अर्धं पुढच्यावर. दिवाळीचा माल अडकला. वडूजच्या, फौजेतून निवृत्त झालेल्या मिस्त्रींनी नुकतंच ब्लेड बदललं होतं. मालकांनी खापर त्यांच्यावर फोडलं.

"आज चालू झालं नाही, तर उद्यापासून येऊ नका."

"आवं मालक, ब्लेड झकास हाय. दुसरंच कायतरी हाय."

मी तंत्रज्ञाला फोन लावला आणि मोबाइल मशीनभर फिरवला. पाकिटांवरची खूण वाचून कुठं कापायचं ते ठरवणाऱ्या गोल काचेपाशी त्यानं थांबवलं. काचेवर लाल डाग होता.

"शेइ नोंग द?" हे कुणी केलं?

खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू मीच लावलं होतं. मशीनचं कपाळ कुठलं ते कळेना, म्हणून समोर दिसली त्या काचेवर बोट टेकवलं होतं.

"काय म्हणतोय?" मालकांनी विचारलं.

चिनी फक्त मला कळत होतं. 'काच पुसायला सांगतोय' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मिस्त्री हातातलं फडकं पिळत उभे होते. माझं एक मन म्हणत होतं, नंतर सांग.

"वो नोंग द," मी फोनकडं बघून म्हणाले. मी केलं. मग मालकांकडं वळले. "कुंकू मी लावलं होतं. मिस्त्रींची काही चूक नाही."

मिस्त्रींनी काच पुसली. पाकिटं सरळ पडू लागली.

"बाई, डोळ्यात कुंकू गेल्यावर मशीन तरी काय करंल?" ते म्हणाले.

मालक हसले आणि ऑफिसकडं निघून गेले. मिस्त्रींची माफी काही मागितली नाही. मला तिथं उभं राहवेना. मिस्त्रींची माफी मागा, हे सांगायला मी मालकांच्या मागोमाग ऑफिसात गेले.